रूपाबाईंच्या चौदा शाली

आमच्या गावच्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत, याचं मला लई वर्षं नवल वाटत होतं. गाव भिवंडीजवळ, शेलारच्या पुढं, रस्ता डांबरी, नळाला पाणी, शाळेला नवे पत्रे, संडासाला दारसुद्धा. मग माणूस येतो नि जातो का? माझ्या मागल्या पडवीतून शाळेचा व्हरांडा दिसतो. भाकऱ्या थापता थापता मी सात वर्षांत पाच जण येताना बघितले आणि पाचही जण जाताना बघितले. येताना नवी बॅग, जाताना तीच बॅग, फक्त चेन तुटलेली.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. केसरीनाथ गुरुजी तिथले कायमचे. मुख्याध्यापक तेच, कारकून तेच, खिचडीचा तांदूळ मोजणारेही तेच. दुसरी जागा कायम रिकामी. तिच्यावर दरसाल कंत्राटावर कोणी तरी येतं. कंत्राट म्हणजे जूनमध्ये कागद आणि एप्रिलमध्ये रामराम. पुढच्या जूनमध्ये पुन्हा कागद आला तर आला.

गावकीनं याचा शोध लावायचा प्रयत्न केला होता. गावकी म्हणजे गावातले पुरुष गावदेवीच्या देवळात बसून जत्रा, भांडणं, रस्ते ठरवतात ती बैठक. कोणी म्हणालं, वर्गाचं तोंड दक्षिणेला आहे. कोणी म्हणालं, शाळा बांधताना पिंपळ तोडला होता. एका साली शाळेच्या नावानं गावदेवीला राखणीचा कोंबडा दिला. कोंबडा सगळ्यांनी मिळून खाल्ला आणि पुढच्याच महिन्यात भावेश सर सोडून गेले.

त्यांच्यानंतर रूपाबाई आल्या. ही त्यांचीच गोष्ट.

पहिल्या साली दिवाळी होऊन महिना झाला, तेव्हा त्या माझ्या कुंपणाशी आल्या. बारीक चण, सावळा रंग, पाठीला शाळेतल्या पोरांसारखी बॅग. मला वाटलं पाणी मागतील.

"आजी, तुमच्याकडे एखादी जुनी पळी आहे का?"

"शालेत पली कशाला गो बाय? खिचडीवालीकडं हाय की."

"ती वापरातली. मला पोरांना दाखवायचीय. याला कोणाच्या घरी काय म्हणतात, ते विचारायचंय."

मला असलं ऐकलं की घरात राहवत नाही. पळी घेऊन मीच गेले नि खिडकीशी उभी राहिले. वर्गात आमची आगऱ्यांची पोरं, लूमवर काम करणाऱ्या यूपीवाल्यांची पोरं आणि वीटभट्टीवरची दोन-चार आदिवासी पोरं. आमची म्हणाली पळी. यूपीचा एक म्हणाला कलछुल. भट्टीवरच्या पोरीनं सांगितलेलं नाव तर मला सत्तर वर्षांत ठाऊक नव्हतं. बाईंनी तिन्ही नावं फळ्यावर लिहिली, नि ती पोरगी, जी महिनाभर तोंड उघडत नव्हती म्हणे, ती आपण सांगितलेलं नाव फळ्यावर बघून हसली. मी दुसरी शिकलेली. पण आमच्या वेळी मास्तर आम्हाला काही विचारत नसत, सांगत फक्त.

तेव्हापासून माझी पडवी आणि व्हरांडा यांच्यात चहाचा कप ये-जा करायला लागला.

बाई अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरच्या. वारली. बापाचं नाव सावळ्या, आईचं बायडी. दिवाळी झाली की दोघं पोरीला घेऊन भिवंडीकडं वीटभट्टीवर यायची. रूपा तेव्हा पाच वर्षांची. ओल्या कच्च्या विटा ओळीनं सुकत घातलेल्या असायच्या, त्यावर ही काडीनं चित्रं काढायची. मुकादम ओरडायचा, वीट खराब होते म्हणून.

"मग मारला का तुला?"

"नाही. उशीर झालेला असायचा. विटा तशाच भाजल्या जायच्या. भिवंडीत कोणाच्या तरी भिंतीत माझी कोंबडी असेल, आक्का."

पुढं आश्रमशाळा, तिथंच बारावी. मग डी.एड. मग शिक्षक व्हायची परीक्षा, तीही पास. कायमच्या नोकरीची भरती निघेल तेव्हा निघेल, तोवर कंत्राट. सकाळी पाड्यावरून अंबाडी, तिथून एसटी, पुढं शेअर रिक्षा, शेवटचं चालत. कधी उशीर नाही. मी एकदा विचारलं, "तू कंटाळत न्हाय कं?" तर म्हणाल्या, "एसटीत बसायला मिळालं की वह्या तपासून होतात."

आणि पोरं शिकली हो. माझी नात मृणाली तिसरीला आहे. आता जे दिसेल ते वाचते. रिक्षाच्या पाठीवरचं, गोडाऊनच्या पाट्या, मिठाच्या पुड्या. एक दिवस माझ्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन म्हणाली, "आज्जी, हिची तारीख दिवालीला संपली." घरात दोन ग्रॅज्युएट, कोणाच्या लक्षात नाही. तिसरीतल्या पोरीनं वाचलं.

गाव खूश होता. आणि आमचा गाव खूश झाला की काय करतो, तर सत्कार करतो. हे आमच्याकडचं वेड आहे. जमिनी गोडाऊनला गेल्या, हातात भाडं आलं, तसं हे वाढलं. कोणाचा वाढदिवस असो, हळद असो, मंडळाचं नवरात्र असो, स्टेज बांधलं की त्यावर कोणाला तरी शाल घालावी लागते. नारळ, शाल, फोटो. बाई हाताशीच होत्या. पंधरा ऑगस्टला शाल, शिक्षक दिनाला शाल, राघोशेठच्या नातवाच्या बारशालाही शाल. राघोशेठ म्हणजे गावकीचे अध्यक्ष. अडीच वर्षांत बाईंच्या अंगावर चौदा शाली पडल्या. मी मोजल्या, कारण दर वेळी नारळ त्या माझ्याकडं देऊन जायच्या. पाड्यापर्यंत ओझं कुठं न्यायचं? त्या नारळांची वाटणं मी केली.

हे सगळं असं चाललेलं असताना माघातल्या एका सोमवारी बाई कुंपणाशी आल्या. चहा घेतला नाही.

"आक्का, मी जाणार आहे."

"कुठं? सुट्टीवर?"

"कशेळीला. गोडाऊनमध्ये. माल तपासायचं काम आहे, स्कॅनिंगचं. शनिवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. एक तारखेपासून ड्युटी."

पगार विचारला. इथल्या दीडपट, वर पीएफ, वर न्यायला-आणायला गाडी. आत वर्गात पोरं पाढे म्हणत होती. तिसरीचं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं.

"आणि यांचं?" मी विचारलं.

बाईंनी तिकडं बघितलंच नाही. "गुरुजी आहेत ना," म्हणाल्या. दोघींनाही ठाऊक होतं, गुरुजी एकटे पाच वर्ग घेऊ लागले की ते कसे घेतात. चार वर्गांना शुद्धलेखन देतात नि पाचव्याला ओरडतात.

मी घरात आले नि लडकूला सांगितलं. लडकू माझा थोरला, मृणालीचा बाप, गावकीत बसतो. त्याचंही एक गोडाऊन भाड्यानं दिलेलं आहे. त्यानं लगेच फोन लावले. तासाभरात ठरलंसुद्धा.

"आये, काय चिंता करू नको. शुक्रवारी गावकी बसतेच हाय, जत्रेच्या बोलणीला. तवाच बाईंचा जंगी सत्कार करतंव. या वेळी साधी शाल न्हाय, पैठणी. नि मानपत्र. फ्लेक्स पण छापायला दिला."

"पयल्या चौदा शालींनी ती थांबली न्हाय, ती पंधरावीनं थांबंल?"

"ती शाल व्हती, ही पैठणी हाय!"

माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. पाच जण गेले, पण का गेले हे त्यांना विचारलं कोणी? कोंबड्याला विचारलं, पिंपळाला विचारलं, माणसाला विचारलं नव्हतं. भावेश सरही कशेळीलाच कुठंतरी आहेत, एवढं ऐकून होते. कशेळी माझं माहेर. बुधवारी भावाकडं जाते म्हणून सांगितलं नि रिक्षात बसले.

खाडीकाठची आमची भातशेती होती तिथं आता इतकी गोडाऊनं आहेत की मला माझ्याच बापाचा बांध सापडत नाही. कंटेनरांची रांग, धूळ, हॉर्न. भाच्यानं दाखवलं त्या गेटाशी मी गेले. वॉचमन खुर्चीत बसून चणे खात होता.

"किससे मिलना है, अम्मा?"

"मास्तर से."

"कौनसे मास्तर से? यहाँ चार मास्तर हैं."

मला वाटलं थट्टा करतो. पण खरंच होते. चहाच्या सुट्टीत भावेश सर बाहेर आले, अंगात पिवळं जाकीट, हातात बीप करणारं ते यंत्र. मागून मनिषाबाई आल्या, त्या अंबाडीकडच्या कुठल्या तरी शाळेत होत्या म्हणे. अजून दोघं. एका शिफ्टमध्ये अख्खी शाळा बसवता आली असती.

"आक्का! तुमी इथं?" सरांनी वाकून नमस्कार केला.

"सर, एकच विचारायला आलेय. तुमी आमचा गाव का सोडला? खरं सांगा. खोली दक्षिणेला व्हती म्हणून?"

सर हसायलाच लागले. "खोली? आक्का, खोली एकदम मस्त होती. वारा यायचा."

"मंग?"

"इथं पगार सात तारखेला होतो. सात म्हणजे सात. तिकडं तीन-तीन महिने यायचा नाही, आणि मे महिन्याचा तर नाहीच. मे महिन्यात मी काय खायचं? एकदा राघोशेठना म्हणालो, काही करता येईल का. ते म्हणाले, सर, पैशाचं काय घेऊन बसलात, गावात तुमाला मान किती हाय! आणि त्या रविवारी मला शाल घातली."

"किती झाल्या व्हत्या तुमच्या?"

"नऊ. शाल घेऊन किराणावाल्याकडं गेलो असतो ना आक्का, तर त्यानं वजन करून दिली असती परत." मग जरा हळू म्हणाले, "लग्न पण ठरत नव्हतं. मुलीकडचे विचारायचे, काय करतात? कंत्राटी शिक्षक म्हटलं की चहा पिऊन उठायचे. इथं लागलो नि तीन महिन्यांत जमलं."

मनिषाबाई म्हणाल्या, "मला तर आदर्श शिक्षिका केली होती. त्या वर्षी मी संध्याकाळी ब्लाउज शिवायचे."

"शिकवायला आवडत न्हवतं का तुमाला?" मी सरांना विचारलं.

त्यांनी गेटाजवळच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं खडूनं मोठी अक्षरं काढलेली होती, खाली वेड्यावाकड्या सह्या. जेवणाच्या सुट्टीत सर हमालांना सही शिकवत होते.

"त्याचं काय मिळतं?"

"काही नाही. पण त्यांनी शाल पण नाही घातली अजून." नि घंटा झाली, सगळे मास्तर आत पळाले, पोरांसारखे.

घरी येताना रिक्षात मी एवढंच मनाशी घोळवत होते, की हे इतकं सोपं होतं नि आम्ही पिंपळ शोधत बसलो.

शुक्रवारी दुपारी रूपाबाईंची आई बायडी आली. सत्काराला म्हणून गावकीनंच बोलावली होती. माझ्याहून लहान, पण उन्हानं सुकलेली. पडवीत बसली नि भिंतीला हात लावून बघितला, वीट कुठल्या भट्टीची हे ओळखायला असेल. मी चहा दिला.

"पोर भाग्याची हाय तुजी," मी म्हणाले. "गाव मान देतो."

"देतो ना," बायडी म्हणाली. "आमच्या पाड्यावर थंडीत येऊन बघ आक्का. सगळे म्हातारे शाली गुंडालून शेकत बसतात. कोन पाहुणा आला तर त्याला वाटंल, हितं सगल्यांचाच सत्कार झालाय."

मी हसले, ती नाही हसली.

"माजा रोज महिन्याचा धरलास ना, तर पोरीपेक्षा जास्त पडतो. कामाला गेली की संध्याकाली हातावर. ती इतकी शिकली, नि मीच तिला एसटीला देते कदी कदी. तरी मला कोन शाल नाय घालत!"

मग मीही हसले नाही.

चार वाजता देवळासमोर मांडव भरला. फ्लेक्स लागला होता, त्यावर बाईंचा फोटो लहान आणि गावकीतल्या नऊ जणांचे मोठे. सत्कार होता म्हणून बायकांनाही बोलावलं होतं, मागच्या बाजूला बसायला. मी बायडीला घेऊन पुढंच बसले. गुडघे दुखतात म्हटलं की मला कोणी उठवत नाही.

पण सत्काराआधी जत्रेचं काम होतं. बँडची सुपारी द्यायची होती. चैत्रात पालखी निघते, तिच्यापुढं नवशाचा बँड वाजतो. आजूबाजूच्या दहा गावांच्या जत्रा त्याच पंधरवड्यात, म्हणून आमच्याकडं दोन महिने आधीच वाजंत्र्याला आगाऊ पैसे देऊन बांधून घेतात. तीच सुपारी. नवशा मास्तर पांढरा शर्ट घालून आला होता.

राघोशेठ म्हणाले, "बोला मास्तर, गेल्या सालासारखंच ना?"

"गेल्या सालासारखं कसं शेठ?" नवशा म्हणाला. "डिझेल वाढलं. पोरं जास्त मागतात. नि अंबाडीकडून फोन आलाय, त्याच दिवसाचा. ते वाढवून देतात."

मांडवात कुजबुज झाली. अंबाडीवाले नवशाला नेतात म्हणजे काय? राघोशेठनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं नि दोन मिनिटांत नवशानं मागितलं तेवढं कबूल. आगाऊ रक्कम हातावर, वर जेवण, वर सगळ्या माणसांना न्यायला टेम्पो. केसरीनाथ गुरुजींनी वहीत लिहिलं. नवशानं पैसे कपाळाला लावले नि खिशात टाकले.

"आता दुसरा विषय," राघोशेठनी माईक घेतला. "आपल्या लाडक्या रूपाबाई..." नि लडकू ताटात पैठणी घेऊन उभा राहिला.

मी बसल्या जागेवरूनच विचारलं, "राघो, एक विचारू कं?"

"विचार ना आक्का."

"नवशाला शाल का न्हाय घातली?"

सगळे हसले. नवशाही हसला.

"आक्का, बँडवाला हाय तो," राघोशेठ म्हणाले. "शालीवर वाजवंल काय?"

"तेच विचारतेय. तो दुसरीकडं जाईल म्हणून तुमी त्याला वाढवून दिलं. आधी दिलं. टेम्पो पण दिला. बाई दुसरीकडं चाललीय, तर तिला साडी. हे कसं काय, ते मला समजावून सांग. मी दुसरीच शिकलेय."

हसणं थांबलं. लडकू ताट घेऊन मधेच उभा, ना पुढं ना मागं.

"आये, तो गावचा खर्च हाय," तो म्हणाला. "पगार सरकारचं काम हाय."

"लाइट पण सरकारचंच काम हाय. मंग हळदीच्या दिवशी लाइट जाऊ नये म्हणून वायरमनला कोन सांभालतं? तुजे काका?"

मागच्या बायका खदखदल्या. राघोशेठ लाल झाले. "मान काय कमी दिला आमी? चौदा वेला स्टेजवर घेतलं! मागितलं का यांनी कवा काय? बाईंनी सांगावं."

तेव्हा रूपाबाई उठल्या. माईक नव्हता त्यांच्याकडं. वर्गात बोलतात तशाच बोलल्या, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा.

"शेठ, शाल घालताना माईक तुमच्याच हातात असतो. मी कधी सांगणार?"

राघोशेठनी माईक खाली केला.

"राग मानू नका. गावानं प्रेम दिलं, ते मला कळतं. पण मला ही पैठणी नको. मी नेसणार कुठं? एसटीत?" मग त्यांनी आईकडं बघितलं. "मला उद्या गोडाऊनला उत्तर द्यायचंय. मला जायचं नाही. पण मी सत्तावीस वर्षांची आहे आणि माझी आई मला तिकिटाला पैसे देते."

बायडीनं पदर तोंडाला लावला.

केसरीनाथ गुरुजी खाकरले. "नियमानं सांगायचं तर मानधन सरकार ठरवतं. ते आपण वाढवू शकत नाही. पण शाळेची व्यवस्थापन समिती आहे. गाव समितीला वर्गणी देऊ शकतं, पावती फाडून. ठराव करून समिती बाईंना महिन्याच्या महिन्याला वरची रक्कम देऊ शकते. मे महिन्याचीही."

"गुरुजी," मी म्हणाले, "हे सात वर्षांत बोललात का न्हाय?"

"कोणी विचारलंच नाही, आक्का."

मला त्यांचा राग येणार होता, पण ते खरं होतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं. खिडकीतून बघत होते नुसती.

पुरुषांनी डोकी एकत्र केली. जत्रेला गोडाऊनवाले देणगी देतात, त्यातून काढायचं का? कोणी म्हणालं, मग डीजे एक दिवस कमी होईल. कोणी म्हणालं, डीजेवाचून जत्रा कसली. नवशा अजून तिथंच बसून होता, त्यानं मान वळवून सांगितलं, "डीजे काढा शेठ. आमी हाय ना!" नि बाईंकडं बघून म्हणाला, "बाई, मी आपला अनुभव सांगतो. हातात पडल्याशिवाय इथून उठायचं नाय. नि तारीख लिवून घ्या."

बाईंनी खरंच वहीचं पान फाडलं. तीन गोष्टी लिहिल्या. रक्कम दर महिन्याच्या सात तारखेला, सरकारचं मानधन येवो न येवो. मे महिना धरून. आणि तिसरी, गावकीनं तालुक्याच्या ऑफिसला जाऊन ही जागा कायमची भरा असा अर्ज द्यायचा, दर महिन्याला, भरेपर्यंत.

"जागा भरली नि दुसरंच कोन आलं तर?" लडकूनं विचारलं. "तुमचंच नुकसान की बाई."

"पोरांना शिक्षक मिळेल ना. मी तर परीक्षा पास आहे. माझी पण कुठंतरी रिकामी जागा असेलच."

तिसरी गोष्ट राघोशेठना सगळ्यांत आवडली. तालुक्याला जायचं म्हणजे तीन गाड्या काढून जायचं. लगेच वार ठरला. पहिल्या दोन गोष्टींवर मात्र घासाघीस झाली. बाईंनी मागितलं त्यात गावकीनं कापलं, बाई गप्प बसल्या, मग गावकीनं अर्धं परत वाढवलं. शेवटी जे ठरलं ते गोडाऊनपेक्षा कमीच होतं. नऊ जणांनी सह्या केल्या. पहिल्या महिन्याची वरची रक्कम तिथंच हातावर ठेवली. बाईंनी ती मोजली, सगळ्यांसमोर, नि आईकडं दिली.

पैठणीचं काय करायचं, यावर मात्र कोणालाच काही सुचेना. दुकानदार परत घेत नव्हता. लडकूनं ताट माझ्या घरी आणून ठेवलं.

शनिवारी शाळा सकाळची. साडेअकराला पोरं सुटली नि बाई पडवीत येऊन बसल्या. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. फोन वाजला. मी भाकरीचं पीठ मळत कान तिकडंच लावले.

"हां सर. नाही, एक तारखेला नाही येत... हो, विचार केला... नाही, इकडे तुमच्याइतकं नाही देत." मग पलीकडचा बराच वेळ बोलला. बाई ऐकत होत्या. "नंबर ठेवा माझा. एका वर्षानं फोन करा."

फोन ठेवला.

"कमी पैशात राहिलीस," मी म्हणाले. "का गो?"

"एसटीत विचार केला काल. गोडाऊनची गाडी पहाटे चारला पाड्याखाली येणार होती. बारा तासांची शिफ्ट. त्या पगारातून ते तास वजा केले, तर फार फरक राहत नाही. नि इथं तिसरीला अजून भागाकार यायचाय. तो आधी करून घेते."

"नि एका वर्षानं?"

"एका वर्षानं गावकी पुन्हा बसेल ना, बँडच्या सुपारीला? तेव्हा मी पण बसेन. माझा पण भाव वाढलेला असेल."

दुपारी लडकू जेवायला आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हंजे दर साली वाढवायचं?"

"नवशाचं वाढवतोस ना?"

"बाई लई हुशार निघाली, आये."

"मंग? बिनहुशार बाईकडं पोरगी शिकायला धाडायची व्हती कं तुला?" मी म्हणाले नि त्याच्या ताटात सुकटीचं कालवण वाढलं.